दशरथ मौर्याचा लेख आणि आत्मारामचा हात

आत्माराम मूळचा पेणचा. गणपतीच्या कारखान्यात त्याचा हात तयार झाला. भंगलेली मूर्ती कुणी पाटावर बसवत नाही, म्हणून भेग अशी बुजवायची की बुजवणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये, एवढंच तो हात शिकला. पुढे एका जर्मन इंजिनिअरचा स्वयंपाकी म्हणून तो डार्मश्टाटला गेला आणि तिथलाच झाला. महायुद्धात ते शहर जळालं होतं. एका लहानशा संग्रहालयाच्या तळघरात शिलालेखांवरून घेतलेले जुने प्लास्टरचे ठसे तुकडे होऊन पडले होते, ते सांधायला माणूस हवा होता. आत्मारामनं पहिलाच ठसा सांधला आणि तिथला साहेब नुसता बोट फिरवत राहिला. सांधा काही लागेना.

त्या ढिगात दशरथाच्या लेखाचा ठसा होता. हा रामाचा बाप नव्हे. हा मौर्य, अशोकाचा नातू. आजोबापुढे त्याला कोण विचारतो? पण गादीवर येताच त्यानं बिहारात नागार्जुनीच्या डोंगरातल्या गुहा आजीविक नावाच्या साधूंना दिल्या. चंद्रसूर्य असेतो त्या त्यांच्या, असं खडकावर कोरवलं. पुढे कुणीतरी छिन्नी घेऊन त्या साधूंचं नावच खरवडलं.

आत्मारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला ओळीत फक्त एक ओरबाडलेली जागा दिसली. ती त्यानं भरली, घासली, लोण्यासारखी मऊ केली. ठसा भिंतीवर चढला, खाली तुकडे सांधणारा म्हणून आत्मारामच्या नावाची पाटी लागली. दर रविवारी तो कोट घालून ती पाटी बघायला जाई.

एकसष्ट साली पुण्याची सुलेखा तिथे आली. तिचा प्रबंध त्या खरवडलेल्या नावावरच होता. घाव किती खोल, एका हाताचे की अनेकांचे, हे फोटोंत कळत नव्हतं. मूळ खडकावर पुढच्या लोकांनी आणखी ओरखडे काढले होते, जुन्या ठशात मात्र कळलं असतं. मराठी माणूस भेटला म्हणून तिनं आत्मारामला सगळी कथा सांगितली. मग गुळगुळीत जागेवर बोट ठेवून म्हणाली, ठसा घेणाऱ्यानंच लबाडी केलेली दिसते. ठसा घेणारा केव्हाच मेला होता; त्या मेलेल्या माणसावर आळ गेला आणि आत्मारामनं तो जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी ती येण्याआधी तो छिन्नी घेऊन ठशापुढे उभा राहिला. चार घाव घातले की पोरीचं काम होणार होतं. टोक टेकवलं, पण हात चालेना. ते घाव तर त्याचेच झाले असते.

ती आली तेव्हा त्यानं खरं सांगितलं.

सुलेखानं त्या गुळगुळीत जागेवरून पुन्हा बोट फिरवलं. “राजानं दिलं, वैऱ्यांनी खरवडलं, आणि काका, तुम्ही वरून गिलावा केलात.” मग जरा नरम होऊन तिनं विचारलं, “घाव कसे होते, हाताला काही आठवतं?”

“विचारलंत तर हात काहीही आठवेल, ताई. ते लिहू नका.”

तिनं लिहिलं नाही. प्रबंधाचं ते प्रकरण अर्धंच राहिलं. जाताना तिला त्याची दया आली. साहेबाला सांगून पाटी काढवते, म्हणाली.

“पाटी राहू द्या,” तो म्हणाला. “फक्त इथलं खरवडलेलं नाव मी बुजवलं, एवढं खाली घालायला सांगा.”

पाटी बदलली. आत्माराम त्यानंतरही रविवारी जात असे, कोट न घालता.