कासुर्डीतला तो ट्रॅक्टर

शैला, माझी मुलगी, कामावरून आली की तिच्या ओढणीला हायड्रॉलिक ऑइलचा वास येतो. तिचं मशीन आता शिरूरपासून दौंडपर्यंत पाइपलाइनचे चर खोदतं. त्या वासानं मला मात्र कासुर्डीतलं एक पत्र्याचं शेड आठवतं.

तिथं आम्ही दोघं विकत घेण्यासाठी एक जुना छोटा ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. मागं खोदाईचा हात, त्याच्या टोकाला माती उचलायची बकेट, रंग नवाकोरा. मी बघताक्षणी भाळलो. पूजेचा नारळही पिशवीत होता.

मालक सगळं मलाच सांगत होता. मी म्हणालो, "तिला सांगा. चालवणार ती हाय."

शैलानं बकेट उंच उचलली, इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "तवर चहा घेऊ." चहा संपेस्तोवर बकेट आपोआप खाली येत मातीला टेकली.

"सिलिंडरचे सील गेलेत, आण्णा. वजन धरत न्हाई. नको," ती मला म्हणाली.

"जुनं मशीन हाय ताई, एवढं चालायचंच," मालक पुटपुटला. ती शेडबाहेर पडलीसुद्धा.

मी हिरमुसून निघालो. यवतला आमच्या गावातले आप्पा भेटले. "मोकळंच आलासा? पसंत न्हाई पडलं व्हय?"

"मला पडलं होतं," मी म्हणालो, आणि बोलता बोलता माझीच मान ताठ झाली. "पोरीनं नापास केलं."