उभ्याने घेतलेलं माप

थंडी अशी पडली होती की शिलाई मशीनमधलं तेल घट्ट झालं होतं आणि चाक फिरता फिरेना. मास्तरांनी इस्त्री तापवली, मशीनच्या पोटाशी नेऊन धरली आणि म्हातारीची समजूत काढावी तसे मशीनशी बोलत बसले. पाचेक मिनिटांत चाक सुटलं. काचेबाहेर रस्ता पांढराफटक पडला होता, आणि दूधवाल्याची गाडी चालण्यापेक्षा घसरतच जास्त होती.

मास्तर तीस वर्षं शिंपीकाम करत होते. शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट, म्हाताऱ्यांच्या पायजम्यांची नाडी, काही म्हणून सोडलं नाही. मोटरसायकलवाल्यांची जॅकेटं मात्र लेकीमुळे दुकानात आली. लेक टपाल छाटणीच्या ऑफिसात कामाला होती आणि सुट्टी मिळाली की गाडीला टांग मारून निघायची. दर हिवाळ्यात दोन घाट ओलांडून, गोठलेल्या तळ्याकाठच्या माळावर गाडीवाल्यांचा मेळावा भरायचा. तिथे छत म्हणजे आपापला तंबू, बाकी काही नाही.

"उन्हाळ्यात का जमत नाहीत ही माणसं?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं.

"उन्हाळ्यात कोणीही येतं, बाबा," लेक म्हणाली होती.

या उत्तराने मास्तरांचं काही समाधान झालं नव्हतं. मागच्या वर्षी ती हात गळ्यात बांधून परत आली. वळणावर खडी होती, म्हणाली. त्यानंतर वर्षभरात तिघांनी मास्तरांकडे जॅकेटं परत आणली. तिघांचं म्हणणं एकच: मास्तर, कुठूनतरी वारा शिरतोय. मास्तरांनी बाहीत दिवा घालून एक एक टीप तपासली. सुईच्या अग्राएवढा उजेड बाहेर येईना. मग वारा शिरतो कुठून? दातात अडकलेल्या तंतूसारखा तो प्रश्न त्यांना सुखाने जेवू देईना.

"मी येतो तुझ्यामागे बसून," त्या सकाळी ते लेकीला म्हणाले.

बायको आतून बाहेर आली. "थंडी कुठून शिरते ते बघायला दीडशे किलोमीटर कशाला जायचं? अहो, न्हाणीघराच्या खिडकीत उभे राहा. फुकटात कळेल."

"अगं, खिडकी मी शिवलेली नाही."

"बरंय. गुडघे धरले तर माझ्याकडे तेल मागू नका."

लग्नात शिवलेला जाड लोकरी ओव्हरकोट चढवून मास्तर मागे बसले. खिशात टेप आणि सुईदोरा होताच. ते काढून ठेवले तर त्यांना उघडं वाटायचं.

पहिल्या तासाभरात त्यांनी रस्ता, डोंगर, झाडं काही पाहिलं नाही. डोळ्यांपुढे फक्त लेकीची पाठ होती. स्वतःच्या शिवणीकडे इतका वेळ, इतक्या जवळून ते कधीच बघत बसले नव्हते. कॉलर बरोबर, खांदा बरोबर, मधली टीप सुतासारखी सरळ. पण लेक हँडलवर वाकली की जॅकेटची खालची कड वर सरकायची आणि कमरेवर चार बोटं स्वेटर उघडा पडायचा. मास्तरांनी कड खाली ओढली. ती पुन्हा वर गेली. त्यांनी पुन्हा ओढली.

"बाबा, मागे काय खेचाखेच चाललीय? वळण आहे, हलू नका."

"हलत नाहीये. बघतोय."

घाटातल्या टपरीवर चहाला थांबले तेव्हा लेकीने दातांनी हातमोजे ओढून काढले. हातमोजा आणि बाही यांच्या मध्ये, मनगटावर, लालभडक पट्टा उमटला होता, बांगडी भरल्यासारखा.

"हे काय?"

"असंच असतं," ती म्हणाली आणि तिने दोन्ही तळवे पेल्याभोवती घट्ट आवळले.

माळावर पोचले तेव्हा दुपार व्हायची होती. साठसत्तर गाड्या, तेवढेच तंबू, आणि लोखंडी पिंपांत पेटवलेले ओंडके. तिथली एक रीत होती. पहिल्यांदा आलेल्या माणसाला पिंपाजवळ उभं करून एकच प्रश्न विचारायचा: कशाला आलात? कोणी म्हणे हौस, कोणी म्हणे बायकोशी भांडण.

विचारायचा मान एका निवृत्त पोस्टमनचा होता. वय मास्तरांएवढंच, मिशीवर बर्फाचे कण.

"थंडी कुठून शिरते ते बघायला," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. पोस्टमनही हसला आणि बोलून गेला, "मग एवढ्या लांब कशाला आलात? लेकीलाच विचारायचं. मागल्या वर्षी बोटं बधिर होऊन क्लच दाबता आला नाही तिला. गाडी आडवी झाली तेव्हा मी मागेच होतो."

लेक पिंपातल्या जाळाकडे बघत राहिली. पोस्टमनला आपण काय केलं ते कळलं आणि तो ओंडका आणायच्या निमित्ताने सटकला.

"खडी म्हणाली होतीस," मास्तर म्हणाले.

"खडीही होती. थोडी."

"मला का नाही सांगितलंस?"

"रोज विचारत होतात, जॅकेट कसं आहे, जॅकेट कसं आहे. काय सांगणार होते?"

उद्या तोच घाट, तोच वारा आणि तीच बोटं. आणि जॅकेट आपण शिवलेलं. त्यांनी खिशातून टेप काढला.

"गाडीवर बस."

"आत्ता कुठे जायचंय?"

"कुठे नाही. नुसती बस. हात हँडलला लाव. वाक जरा, एरवी वाकतेस तशी."

त्यांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरला. मग तिला उतरवून, उभी करून पुन्हा धरला. तीन बोटांचा फरक. पाठीचं माप घेतलं तर त्याहून जास्त. ते शेजारच्या ओंडक्यावर बसले. तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आले होते: ताठ उभे राहा, हात सैल सोडा, पोट आत घेऊ नका. जॅकेटं झकास बसायची, कारण आरशापुढे माणूस उभाच असतो. आणि ही मंडळी तर आरशापुढून निघाली की दिवस दिवस वाकून बसलेली.

"शिवणीत नव्हतंच ते," मास्तर आपल्याशीच म्हणाले. "मापातच होतं." त्यांच्या आवाजात लाज होती, पण कोडं सुटलेल्या माणसाचा हुरूपही होता.

कापड कुठून आणायचं? त्यांनी अंगातला ओव्हरकोट काढला आणि पोस्टमनचा चाकू मागून घेतला. कोटाची खालची दोन विती लोकर त्यांनी चराचरा कापली. लेक "बाबा, अहो, लग्नातला आहे तो," म्हणेपर्यंत काम झालं होतं. काखेची टीप उसवून तिथे चौकोनी तुकडा घातला, म्हणजे हात पुढे गेला तरी बाही मागे यायला नको. कमरेला रुंद पट्टी, मनगटाला कफ. गारठ्याने सुई बोटांत ठरेना, दोनदा नखाखाली घुसली. तेव्हा अपराधी पोस्टमन शेजारी येऊन बसला आणि दोरा ओवून देऊ लागला. पोस्टमनकी केलेला माणूस, त्यामुळे गप्प बसणं त्याला जमत नव्हतं. मास्तरांना तीन गावांतल्या सगळ्या कुत्र्यांची माहिती मिळाली.

ऊन उतरेपर्यंत काम संपलं. जॅकेट दिसायला अगदी भिकार झालं होतं, काळ्या चामड्याला करडी ठिगळं.

"शोभा झाली सगळी," लेक म्हणाली, पण ते घालूनच गाडीवर बसून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परतताना वारा समोरून होता. अर्ध्या कोटात मास्तरांचे गुडघे लाकडासारखे झाले. तरी ते पाठीवरच्या पट्टीवरून नजर काढेनात. पट्टी जागची हलली नाही. घाटमाथ्यावर लेकीने गाडी थांबवली, हातमोजे काढले, पिशवीतून संत्रं घेतलं आणि उभ्या उभ्या सोललं. साल अखंड निघाली. मास्तर तिच्या बोटांकडे बघत होते. तिने अर्धं संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं.

"पाठीत अजून वारा लागतो जरासा. डावीकडे."

"डावीकडे? किती बोटं?"

"खा आधी."

घरी बायकोने आधी लेकीचे हात उलटसुलट करून पाहिले, मग कोट पाहिला. "जाताना पूर्ण होता," एवढंच म्हणाली आणि न मागता तेलाची वाटी आणून ठेवली.

सकाळी मास्तरांनी त्या तीन गिऱ्हाइकांना फोन लावले. जॅकेट आणा, गाडीही आणा, चूक माझी आहे, असं सांगितलं. एकाला वाटलं मास्तरांना ताप भरलाय. फोन ठेवला तर दारात शेजारीण उभी होती. तिने शिवायला दिलेले पडदे आठ दिवस खुंटीला लटकत होते. मास्तरांनी पडदे टेबलावर पसरले, कड दोन बोटं दुमडली, टाचण्या लावल्या आणि मशीनचं पायडल मारायला सुरुवात केली.