काकडांवाचून गेलेली शेवळं

माझी धाकटी जाऊ रानभाज्यांचा धंदा करते. डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया आमच्या गावात, कशेळ्याला, भाज्या आणून देतात, ही निवडून माथेरानच्या हॉटेलांना पोचवते. मला या वयात हुरूप आला. मोबाईलवर बघून बघून चित्रं जोडायला, अक्षरं बसवायला शिकलेय मी, कोणी शिकवलं नाही हो. म्हटलं, तुझं ऑनलाइन दुकान मीच मांडते. ओसरीतल्या उजेडात एकेका भाजीचा फोटो, खाली नाव नि दर. जाहिरातीचा कागदही केला, चांगला हिरवागार.

पहिल्याच ऑर्डरीत जावेनं बाजारातल्या सवयीनं मूठभर करवंदं वर टाकली. गिऱ्हाइकानं कळवलं, न मागितलेली वस्तू आली. मी तिला दटावलं, "अगं, हा बाजार नाय. ऑर्डरीत असंल तेवढंच भरायचं."

"बरं बाई, तुमचं दुकान, तुमचा कायदा!"

मग शेवळांचे दिवस आले. जमिनीतून वर येणारे तांबूस कोंब ते. चव अशी की मटण विसराल, पण घशाला भारी खाजरे. काकडं म्हणून आंबट हिरवी फळं असतात, त्यांचा रस घातल्याशिवाय आमच्याकडे शेवळं कोणी शिजवत नाही. बाजारात जुडीबरोबर काकडं आपोआप पिशवीत पडतात, त्यांचा वेगळा दर नसतो. दर नाही, म्हणून माझ्या दुकानात काकडांना जागाच नव्हती.

पनवेलच्या एका बाईंनी शेवळं मागवली. जावेनं सकाळच्या टेंपोनं पार्सल धाडलं. जेवणाच्या आधी त्यांचा मेसेज आला. 'शेवळं मिळाली, अगदी ताजी. तेलावर परतते आता. लेकीला सातवा महिना आहे, तिचे डोहाळे!'

मी कौतुकानं जावेला वाचून दाखवलं. वाल सोलता सोलता तिचे हात थांबले.

"ताई, काकडं?"

"तू घातली नाईस?"

"तुमीच बोललात ना, ऑर्डरीत असंल तेवढंच!"

मी तडक त्या बाईंना फोन लावला, उचलेना. परत लावला. लहानपणी मी काकडं कमी पडलेली शेवळं खाल्ली होती; घसा असा आवळला की थुंकीसुद्धा गिळवेना. पोटुशी पोरगी ती. गळा सुजला, श्वास कोंडला तर? चपला घालून मी दारात उभी राहिले.

"पनवेलला पोचेस्तवर जेवणं उरकतील," जाऊ म्हणाली. "फोन लावा तुमी. लावत राहा."

शेवटी उचलला. "काकू, हात भरले होते हो माझे."

"कोणी खाल्लं का?" मी ओरडलेच.

"मी जरा चाखलं. घशात काहीतरी..." त्या खाकरल्या. "लेकीला आत्ताच वाढलंय."

"खाऊ देऊ नका!"

"अगं थांब, ठेव तो घास!" पलीकडे ताट आपटलं. मी जावेचा दंड घट्ट धरला होता.

"नाही खाल्लं तिनं," बाई म्हणाल्या.

त्यांना आमसुलाचं पाणी प्यायला सांगितलं. फोन करकरून त्यांचा घसा विचारत राहिले, संध्याकाळी कुठे तो निवळला.

मी दुकानच बंद करायला निघाले होते. जाऊ म्हणाली, "बंद कशाला? शेवळांच्या फोटोतच काकडं ठेवा नि कसं रांधायचं ते लिवा." तसं केलं. पण धास्ती काही गेली नाही. आम्हाला जन्मापासून ठाऊक म्हणून सांगायचं राहून जाईल, असं आणखी काय काय असेल? आता प्रत्येक भाजी दुकानात चढवण्याआधी मी जावेला विचारते, "ही कोणी कच्ची खाल्ली तर?"

"आता भोपळ्याचंबी इचारा!" ती वैतागते.

विचारते हो, भोपळ्याचंही विचारते.