मामांचं तांबडं तेल

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नुसतं "उतरतंय बघ आता" एवढं म्हणून दुखणं खाली उतरवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्यात त्यांनी कंपाउंडर म्हणून चाळीस वर्षं काढली. तिथे डॉक्टर बसायचे हे खरं, पण पेशंट "कंपाउंडर हाईत का?" असं विचारूनच चप्पल काढायचा. डॉक्टर रजेवर असले तर लोक उद्या येतो म्हणायचे. मामा रजेवर असले तर लोकांना तिथेच पायरीवर चक्कर यायची. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण मामांबद्दल कमी करून सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.

तेव्हा औषध बाटलीतून मिळायचं आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी असायची. ती पट्टी मामा इतक्या निगुतीने कातरायचे आणि चिकटवून झाल्यावर बाटली उजेडात धरून, एक डोळा मिटून अशी बघायचे, की पेशंटला निम्मा गुण तिथेच यायचा. डॉक्टर लिहून देतील तेच औषध, त्यात काडीचा बदल नाही. पण ते द्यायचं कसं, हा प्रांत मामांचा. त्यांच्या मते कोल्हापूरच्या माणसाला औषध तांबडंच पाहिजे, पांढरं दिलं तर पाहुणचारात कमी पडल्यासारखं तोंड करून तो घरी जातो. व्यापाऱ्याला ते कडू हवं, शाळामास्तराला त्याचं नाव लांबलचक हवं, आणि गडहिंग्लजहून एसटीने आलेल्या माणसाला नुसत्या गोळ्या हातावर ठेवणं हा तर त्याचा अपमान. एकदा डॉक्टरांनी अशाच एका म्हाताऱ्याला सकाळ-संध्याकाळच्या दोन पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. मामा चिठ्ठी घेऊन आत गेले. "सायेब, माणूस हाडं खिळखिळी करून आलाय. एवढ्यावर घालवायचा?" डॉक्टर म्हणाले, एवढंच पुरे. मग मामांनी गोळ्यांच्या दोन पुड्या बांधल्या, एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र, आणि म्हाताऱ्याला समोर बसवून दम भरला, "पावणं, चंद्राची पुडी सूर्य बुडाल्याबिगर सोडायची न्हाय. अदलाबदल केलासा तर माझ्याकडं येऊ नगा." दोन्ही पुड्यांत गोळ्या एकच होत्या. पुढच्या खेपेला म्हातारा मामांसाठी गुळाची ढेप घेऊन आला. डॉक्टरांना त्याने नुसता नमस्कार केला.

दवाखाना सुटला की घरी मामांचं तेल सुरू व्हायचं. काचेच्या बाटलीत तांबडंभडक तेल, आणि ते लावून घ्यायला बाहेरच्या कट्ट्यावर पाच-सहा माणसं. पहिला नियम, आधी डॉक्टरचा कागद. "मोडलंय का मुरगाळलंय ते मला काय कळतंय? दाखवून ये, मग बस." दुसरा नियम, लावणाऱ्याने घड्याळ काढून ठेवायचं. मामा ते इतक्या सावकाश काढायचे की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला आज दुसरं कामच नाही. आणि तिसरा नियम, जो त्यांनी घरातसुद्धा लावला होता: "दुखतंय का?" असं कुणी कुणाला विचारायचं नाही. "दुखतंय का म्हटलं की माणूस दुखणं हुडकाय लागतोय. आणि हुडकलं की घावतंयच की." विचारायचंच तर "उतरलं का?" असं विचारायचं. या बंदीमुळे त्या घरात कुणी धडपडलं की बाकीचे तोंड मिटून नुसते बघत राहायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय निर्दयी माणसं आहेत!

मी नववीत असताना कबड्डीत माझा गुडघा दुखावला. सूज उतरली, डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण माझी पाय टेकायची छाती होईना. आठवड्यावर पेठ वडगावची मॅच. मामा रोज घड्याळ काढून तेल लावायचे आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गुडघ्याशीच बोलायचे. "काय पट्ठ्या, शनिवारी वडगावला जायचं नव्हं?" शनिवारी गुडघा वडगावला गेला, त्याच्यामागून मीही गेलो. मॅच आम्ही हरलो, पण त्यात गुडघ्याचा दोष नव्हता.

सगळ्यांचं आटोपलं की शेवटचा नंबर आत्याचा. तिचे गुडघे ऐन चाळिशीत धरले होते. ती भिंतीला टेकून पाय पसरायची, मामा वीस वेळा वरून खाली हात फिरवायचे आणि विचारायचे, "उतरलं का?" "उतरलं," असं म्हणून आत्या उठायची आणि भाकरी थापायला बसायची. एवढाच त्यांचा दिवसाचा निवांत संवाद. तीस वर्षांत त्यात एक शब्द वाढलेला मी ऐकला नाही.

चार वर्षांपूर्वी मामांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर फिजिओथेरपीसाठी कबनूरची एक तरुण मुलगी येऊ लागली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हात हलवत राहिलं तर येईल. पण पहिले काही महिने घालवू नका." ते मामांच्या मनात उतरायच्या आत आमचे पाहुणे आले. आजाऱ्याला भेटायला जायचं आणि त्याच दुखण्याने गेलेल्या चार माणसांची हकीकत सांगायची, ही आमच्याकडची रीतच आहे. एकाने बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला आणि म्हणाला, "हात गेला म्हणायचा की मग." दुसऱ्याच्या चुलत्याचा हात शेवटपर्यंत आला नव्हता. तिसरा मामांचं बोट दाबून त्यांच्याच घरात, त्यांच्याच तोंडावर विचारता झाला, "दुखतंय का हो?" मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम सोडला. ती मुलगी यायची, प्लास्टिकचे पेले एकावर एक रचायला द्यायची, मामा भिंतीकडे बघत बसायचे. इकडे संध्याकाळी तेल थांबलं आणि आत्याचे गुडघे असे धरले की ती भिंतीला धरून चालू लागली. मला दोघांचाही धसका बसला.

मग मी शहाणपणा केला. मामांना औषधाने नाही तर विश्वासाने बरं करावं, असं मनाशी ठरवून घाण्यावरचं शेंगतेल आणलं, रंगासाठी त्यात रतनजोत घातली, आणि गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका वैद्याचं खास तेल आहे म्हणून त्यांच्यापुढे धरलं. मामांनी बाटली डाव्या हाताने उजेडात धरली, एक डोळा मिटला.

"रतनजोत जास्त झालीया," ते म्हणाले. झटक्याने जीभ जड झाली होती, पण शब्द कळला.

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. मग मामा म्हणाले, "अरं, माझ्यातबी दुसरं काय नव्हतं. शेंगतेल आनि रतनजोत."

खरं सांगतो, मला रागच आला. एवढी वर्षं मी तो गुडघा मामांच्या तेलाचा म्हणून मिरवत होतो. "मग माझा गुडघा?"

"तुझा गुडघा तुझाच हुता की. तू भ्यालतास. तुला कोनतरी संगट पायजे हुतं."

मी बाटलीला बूच लावायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "कुठं न्हेतोस? लाव की."

"पण मामा, तुम्हाला ठाऊक आहे त्यात काही नाही."

"ठावं हाय. तरीबी लाव. मात्र नीट लाव. आदी घड्याळ काढ."

मी घड्याळ काढलं. खांद्यापासून बोटांपर्यंत वीस वेळा हात फिरवला. घाई झाली की मामा गुरगुरायचे. शेवटी मला विचारायचं होतं "उतरलं का?", पण मी एकविसावी फेरी सुरू करायला गेलो. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "उतरतंय बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला हात दिला. तिलाही माणूस ओळखता येत होता. पेले तिने पिशवीत टाकले आणि आत्याला समोर बसवलं. "मामा, मावशींचा गुडघा. वरून खाली, वीस वेळा. हाच तुमचा व्यायाम." मामांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं एका कंपाउंडरने दुसऱ्याकडे बघावं. सुरुवातीला डाव्या हाताने उजवा हात धरून फिरवावा लागायचा. तेल गुडघ्यावर कमी आणि लुगड्यावर जास्त पडायचं. तीन महिन्यांनी पंजा आपला आपण सरकू लागला, बोटं मात्र अजून आखडलेलीच होती. पण त्या अगदी पहिल्या दिवशीच विसाव्या फेरीला घामाघूम झालेल्या मामांनी विचारलं, "उतरलं का?" आणि आत्या म्हणाली, "उतरलं." भिंतीला न धरता उठली आणि भाकरी थापायला गेली. मी तिथेच होतो. त्या दिवशी कुणी कुणाला तेल लावलं, हे मला नीट सांगता येणार नाही.

त्यानंतर मामा तीन वर्षं होते. हाताने पेला धरण्यापलीकडे फारशी मजल गेली नाही, पण संध्याकाळचा नेम चुकला नाही. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले.

परवा आत्याकडे गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. बाटली फळीवर तशीच होती, तळाला चार बोटं तेल. एवढ्या वर्षांचं गुपित फोडावं की नाही, या विचारात मी घुटमळलो आणि शेवटी म्हणालो, "आत्या, त्या तेलात काही नव्हतं, माहितीय तुला?"

"मला सांगतोस व्हय?" आत्या म्हणाली. "बाटलीत भरत कोन हुतं? घाण्यावरनं आणायची मी, रतनजोत घालायची मी."

"मग तू रोज उतरलं म्हणायचीस ते?"

"उतरायचंच की रं," ती म्हणाली. "ह्यांचा हात लागायचा नव्हं."

मी उठून फळीवरची बाटली घेतली, तिच्यासमोर खाली बसलो आणि आधी घड्याळ काढून ठेवलं.