पाणीवालीचा कोरडा ठोकळा

माझ्या सासूबाई साळूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, काही गवंडी नव्हत्या, पण टेंभुर्णीत स्लॅब पडला की आधी त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांचं काम पाणी मारायचं. ताज्या काँक्रीटवर ओलं गोणपाट अंथरायचं, चिखलाचे बांध घालून पाणी तुंबवायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. सिमेंटच्या पाण्यानं त्यांचे हात बारमाही तडकलेले असत. "हात तडकू दे, माझ्या पाण्याचा स्लॅब तडकत न्हाई," असं त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्याच. घरातला माठ कोरडा पडला तर मात्र त्यांना दिसायचा नाही. तो भरायला मी होते ना!

१९९४ साली गावाबाहेरच्या वसतिगृहात एका संस्थेनं प्रयोग मांडला. त्यावरच्या इंजिनिअर सत्यशीला मॅडम जुन्या जालन्याच्या. आरशांनी ऊन गोळा करून नळीतलं तेल तापवायचं आणि ते तेल काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यातून फिरवायचं. ठोकळा दिवसभर उष्णता धरून ठेवणार आणि दिवस मावळल्यावर तिच्यावर पोरांचं वरण शिजणार. इथं जमलं तर पुढं उन्हावरच्या वीजघरांत असेच ठोकळे बसवून अंधार पडल्यावरही वीज करायची, असं मॅडम सांगायच्या. आत्याबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. रामकिसन मिस्त्रीनं ठोकळा ओतला आणि यांनी पाणी सुरू केलं.

तीन आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, "मावशी, आता पाणी बंद. ठोकळा चांगला वाळू द्या." एवढं बोलून त्या महिन्याभरासाठी निघून गेल्या.

फाल्गुनाचं ऊन. ठोकळा पांढराफटक पडला. आत्याबाईंना काही ते बघवेना. रोज सकाळी कुणाला न सांगता त्या त्याच्यावर घागरी रिकाम्या करून यायच्या.

मॅडम परत आल्या, आरसे फिरवले, तेल तापलं. दुपारी धाडकन आवाज झाला. ठोकळ्याचा कोपरा उडाला आणि मधोमध भेग गेली. नशीब, कुणाला लागलं नाही. जमलेल्यांनी लगेच निकाल लावला, "रामकिसननं सिमेंट खाल्लं." बिचाऱ्यानं एका पैशाचंही सिमेंट खाल्लं नव्हतं, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? मॅडमनी एक ढलपी उचलून पाहिली. ती आतून ओली होती.

"आत पाणी राहिलं कसं? त्याची वाफ झाली, बाहेर पडायला वाट मिळाली नाही, म्हणून फुटला हा."

गर्दीतून आत्याबाई पुढं झाल्या. "रामकिसनला बोलू नका. पाणी म्या घातलं. रोज घालत व्हते."

ज्या बाईचं सगळं नाव न तडकण्यावर, तिनं चारचौघांत हे सांगितलं. मला त्यांचा अभिमान वाटला. तोंडावर कधी बोलले नाही, ती गोष्ट वेगळी.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, नव्या ओल्या चुलीत पहिल्याच दिवशी भडका करता का?"

"छ्या! उलंल की ती, भेगा पडत्याल. आधी वाळू द्यायची, मंग बारीक जाळ."

"हे तसंच आहे."

"मंग म्याडम, हे आधीच बोलायचं व्हतं! नुसतं बंद करा म्हणून गेल्त्या तुम्ही."

मॅडमनी ते कबूल केलं. संस्था आणखी एकच ठोकळा करू देणार होती. तोही फुटला तर प्रयोग इथून उठणार होता. रामकिसननं दुसरा ओतला आणि स्वतःच म्हणाला, "राखणीला साळूबाईच पाह्यजे." या वेळी पाण्याचे दिवस संपले तशा आत्याबाईंनी घागरी उपड्या घातल्या.

ठोकळा वाळत आला आणि एका दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. ठोकळ्यावर अजून पत्रे पडायचे होते. मी बाहेर येऊन बघते तर आत्याबाई आमच्या माळवदावर चढून गळक्या जागेवरची ताडपत्री ओढून काढतायत!

"आत्याबाई, खाली जवारी हाय!"

"जवारी वाळंल पुन्हा. ठोकळा न्हाई वाळायचा."

गेल्या पळत. इकडं घरात धार लागली, पोत्यांतली ज्वारी भिजली, निम्मीला मोड आले. मी पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. का बोलावं?

मग एकदा अंधार पडल्यावर त्या वसतिगृहातून डबा घेऊन आल्या. बारीक जाळाच्या हिशेबानं ठोकळा रोज थोडाथोडा तापवत नेला होता आणि आज त्याच्यावर पहिलं वरण शिजलं होतं. चटका बसेल इतकं गरम.

"तडकला न्हाई बघ," त्या म्हणाल्या.

डबा घेताना त्यांचा तळवा माझ्या हाताला लागला. लग्न होऊन आल्यापासून तो मी भेगाळलेलाच पाहिला होता. ठोकळ्याच्या राखणीपायी इतके दिवस सिमेंटच्या पाण्यात हात नव्हता, म्हणून भेगा मिटल्या होत्या.

माझा रुसवा तिथंच संपला. मी म्हणाले, "हातबी न्हाई तडकला, आत्याबाई."