घाटाच्या फळ्यांवर निजणारी आत्या

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर कोपरगावची गोदावरी होती. तिथल्या पूरभिंतीच्या नूतनीकरणाचा आराखडा मी करते आहे. भिंतीत घाटाकडे जाण्यासाठी एक वाट सोडलेली आहे. तिच्यावरून आत्या आणि मी कित्येक पावसाळे भांडलो, आणि नेमकी तीच वाट मी त्या वेळी मोठी करून पाहत होते. “आई गेली गं... बसल्या जागी,” विलासदादा म्हणाला. फोन ठेवल्यावरही मी काही वेळ आकडे तपासत राहिले. थांबले तर पुढे काय करायचे, हे सुचत नव्हते.

ती वाट आत्याच्याच हट्टामुळे राहिली होती. घाटाच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी. भिंत अखंड बांधली तर गल्ली आणि घाट एकमेकांना पारखे होणार, हे तिच्या लक्षात आले. “दहाव्याला मानसं काय शिडीवरनं उतरवायची व्हय?” असे तिने भर बैठकीत विचारले. मग वाटेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवण्यात आल्या. पाणी वाढले की त्या खाचांत सागवानी फळ्या एकावर एक सरकवायच्या आणि वाट बंद करायची, असे ठरले. पुढच्याच उन्हाळ्यात फळ्या नाहीशा झाल्या आणि सापडल्या त्या एका हळदीच्या मांडवात, नवरदेवाच्या पायाखाली. “हळद लागू द्या, मंग न्हेते,” म्हणून आत्या तिथेच बसून राहिली, पोटभर जेवली आणि फळ्या घरी घेऊन आली. लोखंडी पलंगावरची प्लायवूडची पाटी काढून तिने त्या दोन थरांत रचल्या आणि वर गादी टाकली. “आता माज्या अंगाखालनं कोन न्हेतंय ते बगू.”

मला ही व्यवस्था कधीच मान्य नव्हती. एका गावाची सुरक्षितता एका बाईच्या पलंगावर अवलंबून असावी, हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. मी पाण्याच्या जोराने आपोआप उभ्या राहणाऱ्या दाराचा आराखडा तिला दाखवला.

“पूर आला की पयली लाईट जाती, इंजिनेरीनबाई.”

“याला लाईट लागत नाही, आत्या. पाणीच दार उचलतं.”

“मंग मानसांनी काय करायचं?”

“झोपायचं. मऊ गादीवर.”

“लई शानी झाली,” म्हणत तिने आराखड्यावर चहाची बशी ठेवली.

दहावा आटोपून मी पुण्याला परतले. पुढे वरच्या अंगाला पाऊस लागला आणि धरणातून पाणी सोडण्याची बातमी आली. मी दादाला फोन करून म्हटले, “आत्याच्या पलंगातल्या फळ्या काढून ठेव.” तो हळूच म्हणाला, “पलंग तेराव्याला शय्यादानात दिला गं. गादीसकट.” बाहेरगावाहून आलेल्या भावकीने पलंग टेम्पोत चढवला होता. फार जड आहे, एवढेच ते म्हणाले. फळ्या आधीच काढल्या असतील, असे गल्लीने गृहीत धरले. नव्या फळ्या करून घ्यायला वेळ लागणार होता, आणि पाणी तेवढे थांबणार नव्हते. मी त्याच दिवशी कोपरगाव गाठले आणि थेट शय्यादान घेतलेल्या गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजी ओसरीवर पाठ चोळत बसले होते. “दिलेलं दान परत नेऊ नये, बाई. दोष मला नाही, तुझ्या आत्याला लागेल.”

“गुरुजी, जे आपलं नाही ते दान देता येतं का?”

“नाही.”

“पलंग आत्याचा होता, तो तुमचा झाला. फळ्या गावाच्या होत्या. त्यांचं दान झालंच नाही.”

ते मोठ्याने हसले. “घेऊन जा. नाहीतरी त्या फळ्यांनी माझी झोप घालवली आहे. बाईंनी एवढी वर्षं कशी काढली कोण जाणे... आणि पलंगाला एक साधी पाटी पाठव.”

गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून फळ्या खाचांत सरकवल्या आणि सांध्यांत गोणपाट कोंबले. पाणी आले, वरच्या फळीखाली थबकले, झिरपत राहिले. वाट टिकली. तरीही मी माझा आराखडा मागे घेतलेला नाही. तिच्या जाण्याने माझाच मुद्दा सिद्ध झाला आहे. तो ऐकून बशी आपटायला मात्र ती नाही, आणि म्हणून तो जिंकल्यासारखा वाटत नाही.

फळ्या बसवल्या त्या दुपारी, पाणी चढायच्या आधी, मी तिच्या रिकाम्या खोलीत बसले होते. गल्लीतल्या बायका खिडकीशी येत, आत डोकावत आणि तशाच उभ्या राहत. पाण्याच्या पातळीचा संदेश प्रत्येकीच्या मोबाईलवर आलेला होता. “काय बघता, काकू?” मी शेजारच्या काकूंना विचारले.

“काय न्हाई गं. फळ्या घाटावर गेल्या की तुजी आत्या खाली जमिनीवर अंथरून घालायची. ते दिसलं की आमी भांडी माळ्यावर टाकायचो.”

घरात गादी उरली नव्हती. मी कोपऱ्यातली सतरंजी उचलली आणि पलंगाच्या जागी, जमिनीवर अंथरली.

“हां,” काकू म्हणाल्या आणि लगबगीने घराकडे वळल्या.