खोकडावरचा आळ

जेसीबी बांधाच्या वळणावर दिसला, तेव्हा मी चिखलात गुडघे टेकून ठसे बघत होते.

चूक माझीच होती. निफाडकडच्या एका पाणथळावर मी लोकांना पक्षी दाखवते, सकाळची फेरी मारून नोंदवही लिहिते. काल शेकाट्याच्या घरट्यात चारातली तीन अंडी फुटलेली दिसली. शेकाट्या म्हणजे लांब लाल पायांचा पाणपक्षी. काठावर उघड्यावरच अंडी घालतो. शेजारी खोकडाची पावलं. खोकड म्हणजे कोल्ह्याहून बारकं, शेपटीचं टोक काळं. मी लिहून मोकळी, ‘अंडी खोकडाने खाल्ली.’ वनखात्याच्या साहेबांनी वाचलं आणि बांधातलं खोकडाचं बीळ जेसीबीनं उकरायचा हुकूम सोडला.

“साहेब, आत पिल्लं आहेत.”

“पिंजऱ्यात घालून लांब सोडू.”

“आईवाचून जगतील का ती?”

“मावशी, लिहिलंय तुम्हीच!”

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून उजाडताच पुन्हा बघायला आले, तर खोकडाची पावलं घरट्यापासून चार हात लांबून सरळ पाण्याकडे गेलेली. कुठं वळलेलीच नाहीत. घरट्याच्या कडेला मात्र तीन लांब बोटं पुढं, एक मागं, असा ठसा. जांभळ्या पाणकोंबडीचा! ही दुसऱ्यांची अंडीही फोडून खाते.

साहेब जेसीबीमागून आले, तसं मी त्यांना घरट्याशी नेलं. “खोकड अंडं उचलून नेतं, नाहीतर चावून चुरा करतं. ह्या फुटक्या अंड्याला बघा, एकाच बाजूला भोक. दाभणानं पाडल्यासारखं.”

“मग काल दिसलं नाही?”

“पाखरांचे ठसे इथं पायलीनं, साहेब. डोळा मोजतच नाही.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “अर्धा तास. डोळ्यांनी दाखवा.”

जेसीबी बंद केला. आम्ही झुडपाआड बसलो. वीस मिनिटं झाली, काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, “कोंबडी सुट्टीवर हाय वाटतं.”

मग पाणकणसाच्या उंच गवतातून ती निघाली. लाल चोच, शेपटी हलवत, थेट घरट्यावर. शेकाट्यांची जोडी डोक्यावर किंचाळत होती. मी हात उचलला असता तर ती पळाली असती. नाही उचलला. तिनं उरलेलं अंडं पायानं दाबलं आणि टोच मारली.

साहेब हळूच म्हणाले, “जेसीबी परत न्या.”

पिल्लं वाचली, शेकाट्याचं घरटं रिकामं झालं. नोंद मी माझ्या हातानं खोडली. तेव्हापासून वहीत दिसलं तेवढंच लिहिते; कुणी केलं असेल, ते चहा पिताना बोलते.